शब्द कुठून आले? धर्म, भाषा आणि समाजातल्या शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ असतो का?

नाही. शब्द कुठून आला हे व्युत्पत्ती सांगते. आज त्याचा अर्थ काय, हे बोलणारे ठरवतात. 'शिक्षा' घ्या. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं, आणि सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचं नावही शिक्षाच. हिंदीत तो अर्थ अजून चालू आहे. मराठीत मात्र शिक्षा झाली म्हणजे दंड झाला. म्हणून मराठी माणूस हा शब्द चुकीचा वापरतो असं कुणी म्हणालं, तर चूक म्हणणाऱ्याची आहे. 'साहस' हा धर्मशास्त्रात बळजबरीचा गुन्हा होता, आज त्यासाठी पदक मिळतं.

एखादी व्युत्पत्ती खरी की जुळवलेली, हे कसं ओळखायचं?

कानाला पटणं हा पुरावा नव्हे. तपासायच्या गोष्टी तीन. ज्या ध्वनिबदलावर व्युत्पत्ती उभी आहे तो इतर शब्दांतही दिसतो का? प्राकृत, अपभ्रंश (संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या भाषा) किंवा जुन्या मराठीत मधली पायरी सापडते का? आणि जुन्या अर्थाकडून नव्याकडे जायला वाट आहे का? शब्द उसना असेल तर आणखी एक प्रश्न येतो: देणारे आणि घेणारे कधी, कुठे एकत्र आले?

एक शब्द पूर्ण सोडवून पाहू. 'सण' हा 'क्षण' या संस्कृत शब्दापासून आला. ऐकताना ही ओढूनताणून जमवलेली जोडी वाटते. पण संस्कृतात क्षण म्हणजे काळाचा तुकडा, आणि उत्सवसुद्धा. अर्थाचा पूल तयार आहे. आता ध्वनी. 'क्ष'चा प्राकृतात बऱ्याच ठिकाणी 'छ' किंवा 'च्छ' झाला, आणि प्राकृतातला हा छ मराठीत स किंवा श झाला. हे एका शब्दापुरतं नाही: क्षुरिका – सुरी, कुक्षि – कूस, मक्षिका – माशी, क्षेत्र – शेत. छ दुसऱ्या जोडाक्षरातून आलेला असला तरी तेच होतं: मत्स्य – मच्छ – मासा, वत्सरूप – वासरू. शेजारच्या हिंदीत छ टिकला, त्यामुळे जोड्या समोरासमोर मांडता येतात. तिकडे छुरी, इकडे सुरी. तिकडे पूछना, इकडे पुसणे. तिकडे छह, इकडे सहा. क्षण – छण – सण ही साखळी त्याच नियमात बसते.

मग 'क्षण' हा शब्दही मराठीत कसा? तो नंतर संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. एकच शब्द दोन दारांनी आत आला: एकदा प्राकृतातून झिजत, एकदा पोथीतून कोरा करकरीत. पहिल्याला तद्भव म्हणतात, दुसऱ्याला तत्सम.

दोन भाषांतले शब्द सारखे वाटले तर ते एकाच मुळाचे असतात का?

असू शकतात, पण साम्यावरून ते ठरत नाही. फारसी 'बद' (बदनाम, बदफैली यांतला) आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळपास एक, अर्थही एक. तरी त्यांचं नातं काही नाही, तो निव्वळ योगायोग आहे. उलट 'सात' आणि कर्जाचा 'हप्ता' हे सख्खे आहेत. हप्ता म्हणजे फारसी हफ्ता, सात दिवसांचा आठवडा. तो 'हफ्त' म्हणजे सात या आकड्यापासून आला, आणि हफ्त हा संस्कृत 'सप्त'चा इराणी भाऊ. आठवड्याला द्यायची रक्कम म्हणून हप्ता. पुढे महिन्याची झाली तरी नाव तेच राहिलं. 'सप्ताह' बसला कीर्तनाला आणि 'हप्ता' गेला सावकाराकडे.

अमुक देशाचं नाव मुळात संस्कृतच, तमुक शहराचं नाव आपल्याच देवाचं, असे जे संदेश मोबाइलवर फिरतात ते जवळजवळ सगळे या एकाच चुकीवर उभे असतात. त्यांना एवढंच विचारावं: हाच ध्वनिबदल दाखवणारे आणखी पाच शब्द सांगा.

'गुरु' म्हणजे 'अंधार दूर करणारा' हे चुकीचं आहे का?

इतिहास म्हणून चुकीचं, निर्वचन म्हणून बरोबर. हा फरक कळला की निम्मे वाद मिटतात.

गुरु म्हणजे जड, वजनदार. छंदशास्त्रात लघु-गुरु म्हणतो तो हाच अर्थ, गुरुत्वाकर्षणातही हाच. लॅटिन 'ग्राविस' (जड) हा त्याचा दूरचा भाऊबंद. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरु.

'गु' म्हणजे अंधार आणि 'रु' म्हणजे त्याचा निरोध, ही फोड परंपरेतली आहे. शब्दाच्या अक्षरांतून त्याचा आशय समजावून सांगायची ती पद्धत आहे, तिला निर्वचन म्हणतात. वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काच्या निरुक्त या ग्रंथात तर स्पष्टच आज्ञा आहे: 'न त्वेव न निर्ब्रूयात्', निर्वचन केल्याशिवाय राहू नये. 'मंत्र' म्हणजे 'मनन केल्याने तारणारा' हेही त्याच जातीचं. व्याकरण सांगतं की 'त्र' हा साधन दाखवणारा प्रत्यय आहे: पा (पिणे) – पात्र, वस् (पांघरणे) – वस्त्र, शस् (कापणे) – शस्त्र. तसाच मन् – मंत्र, म्हणजे विचाराचं साधन. कीर्तनात निर्वचन शोभतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र ते व्युत्पत्ती म्हणून लिहू नये.

'धर्म' शब्दाचा अर्थ मुळात काय होता? 'रिलिजन'ला धर्म म्हणणं योग्य आहे का?

'धृ' म्हणजे धारण करणे, टिकवून धरणे. वेदांत याचं रूप 'धर्मन्' असं आहे: आधार, ठरलेला नियम. महाभारतातली 'धारणाद्धर्म इत्याहुः' (धारण करतो म्हणून धर्म म्हणतात) ही ओळ याच धातूवर खेळते. मराठीत जुने अर्थ अजून जिवंत आहेत. 'जाळणे हा अग्नीचा धर्म', 'पदार्थाचे गुणधर्म' यांत स्वभाव आहे. 'शेजारधर्म' यात कर्तव्य आहे. 'धर्मशाळा' आणि 'धर्मादाय' यांत दान आहे. यांपैकी एकाही शब्दात पंथ किंवा उपासना नाही.

'तुमचा धर्म कोणता?' हा प्रश्न ज्या अर्थाने फॉर्मवर येतो तो अर्थ इंग्रजी अमलात पक्का झाला. पण भाषांतराची अडचण जुनीच आहे. अशोकाचा ग्रीक आणि आरामाइक असा द्विभाषी लेख कंदाहारला १९५८ मध्ये सापडला. त्यात 'धम्म'साठी ग्रीक शब्द 'युसेबिया' वापरला आहे. त्याचा अर्थ देवाधर्माबद्दलचा आणि वडीलधाऱ्यांबद्दलचा आदर. अशोकाला जे म्हणायचं होतं ते बरंचसं त्यात येतं, सगळं येत नाही.

'रिलिजन'चं मूळही एकमताचं नाही. रोमन लेखक सिसेरोने ते 'पुन्हा पुन्हा वाचणे, मनात घोळवणे' या क्रियापदाशी जोडलं, ख्रिस्ती लेखक लॅक्टान्शियसने 'बांधणे'शी. तेव्हा 'धर्म म्हणजे धारण करणारा, रिलिजन म्हणजे बांधणारा' ही व्याख्यानातली टाळ्यांची जोडी जपून वापरावी. पहिला अर्धा भाग भक्कम आहे, दुसरा वादातला.

'हिंदू' ही परकीयांनी दिलेली शिवी आहे का?

परकीयांनी दिलेलं नाव आहे, शिवी नाही. संस्कृत 'स' इराणी भाषांत 'ह' होतो: सप्त – हप्त, सोम – हओम, असुर – अहुर. तसाच सिंधु – हिंदु. इराणचा सम्राट पहिला दारयवहू (डरायस) याच्या जुन्या फारसी शिलालेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांच्या संधीला, 'हिंदु' हे त्याच्या साम्राज्यातल्या एका प्रांताचं नाव म्हणून येतं. ग्रीकांच्या तोंडी त्यातला 'ह' गळाला आणि 'इंडोस' झालं, 'इंडिया' त्यातूनच.

पुढच्या काळातल्या फारसी काव्यात 'हिंदू' हा शब्द काळा, गुलाम, चोर अशा अर्थांनीही येतो हे खरं. पण ते शेकडो वर्षांनी चिकटलेले अर्थ आहेत. मूळ अर्थ नदीचा आणि नदीकाठच्या मुलखाचा.

इराणी नात्याचं आणखी एक उदाहरण घरातलंच आहे. 'नमाज' हा शब्द अरबी नाही, फारसी आहे. अरबीत त्या प्रार्थनेला 'सलात' म्हणतात. नमाज आणि 'नमस्'कार एकाच मुळाचे. 'रोजा'ही फारसी, आपल्या 'रोज'चाच.

'सुर' नसलेला तो 'असुर', 'धव' नसलेली ती 'विधवा', हे बरोबर ना?

दोन्ही ठिकाणी गाडी उलटी जुंपली आहे. 'असुर' हा जुना शब्द, 'असु' म्हणजे प्राण याच्याशी जोडला जाणारा. ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही असुर म्हटलं आहे. इराणात तोच 'अहुर' परमेश्वर झाला (अहुर मज्द), आणि आपला 'देव' तिकडे 'दएव', म्हणजे राक्षस. भारतात असुरचा अर्थ घसरला. मग कुणाला तरी पुढचा 'अ' नकाराचा वाटला, तो काढून 'सुर' म्हणजे देव असा नवा शब्द पाडला गेला. वेदांच्या जुन्या भागात देवांसाठी 'सुर' नाही. 'असित' (काळा) मधला अ काढून 'सित' (पांढरा) असाच पाडला.

'विधवा'चंही तेच. हा शब्द लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो', रशियन 'वदोवा' यांचा सोबती. मूळ अर्थ वेगळी पडलेली, रिकामी झालेली. इतक्या लांबच्या भाषांत अखंड दिसणारा शब्द भारतात 'वि + धव' असा जोडून तयार होऊ शकत नाही. 'धव' म्हणजे पती हा शब्दच विधवाची चुकीची फोड करून मागाहून मिळाला. ही फोड जुनी आहे, यास्कालाही माहीत होती. पण जुनी चूकही चूकच.

'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा, एवढंच का?

आज एवढंच. पाणिनीच्या सूत्रात (४.४.६०) 'अस्ति', 'नास्ति' आणि 'दिष्ट' यांवरून आस्तिक, नास्तिक, दैष्टिक हे शब्द सिद्ध केले आहेत. म्हणजे 'आहे' म्हणणारा, 'नाही' म्हणणारा आणि नशिबावर हवाला ठेवणारा. काय आहे किंवा नाही, हे सूत्रात नाही. टीकाकारांनी 'परलोक' असं सांगितलं. मनुस्मृतीत (२.११) नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा. या कसोटीवर ईश्वर न मानणारे, पण वेद प्रमाण मानणारे मीमांसक आस्तिक ठरतात. जुन्या ग्रंथात हा शब्द आला की आधी पाहावं: तिथे परलोक, वेद आणि ईश्वर यांपैकी कुणाला नाकारलं आहे? इथे आजचा अर्थ घातला की सगळा परिच्छेद फसतो.

चांगले शब्द वाईट कसे होतात?

बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याच्या तोंडी सापडून. 'पासंड' हा शब्द अशोकाच्या लेखांत संप्रदाय या अर्थी येतो, त्यात निंदा नाही. बाराव्या शिलालेखात तर सगळ्या पासंडांचा आदर करावा असं सांगितलं आहे. पुढे ज्याचा-त्याचा विरोधी पंथ तेवढा 'पाखंड' उरला. अशोकाची पदवी 'देवानांप्रिय' (देवांचा लाडका) हिचीही तीच गत झाली. सतराव्या शतकातल्या सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात नोंद आहे ती 'देवानांप्रिय इति च मूर्खे' अशी, म्हणजे मूर्ख या अर्थी.

'शहाणा'ला मात्र प्रतिस्पर्धी लागला नाही. 'सज्ञान'पासून आलेला हा शब्द कागदावर अजून कौतुकाचा आहे, पण 'मोठा शहाणा!' म्हटलं की कुणालाच ते कौतुक वाटत नाही.

भक्ती आणि भात यांचा संबंध आहे असं म्हणतात. खरं?

खरं. 'भज्' म्हणजे वाटणे, वाटा देणे-घेणे. त्याचा 'भाग'. वाटून दिलेलं अन्न ते 'भक्त', त्याचं प्राकृतात 'भत्त' आणि मराठीत 'भात'. हा नियमही नेहमीचाच: जोडाक्षर आधी द्वित्त (एकाच वर्णाची जोडी) होतं, मग द्वित्त सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो. सप्त – सत्त – सात, हस्त – हत्थ – हात, दुग्ध – दुद्ध – दूध. माणूस म्हणून 'भक्त' आणि त्याची 'भक्ती' हे त्याच धातूचे: ज्याने स्वतःला कुणाच्या तरी वाट्याला दिलं तो.

सणांच्या नावांचे अर्थ काय?

पाडवा म्हणजे प्रतिपदा. 'प्रति'चं 'पडि' होतं, म्हणून पडसाद (प्रतिशब्द) आणि पडछाया (प्रतिच्छाया) त्याच वळणाचे. दिवाळी म्हणजे दीपावली, यात कुणालाच शंका नसते.

भाऊबीजेतल्या 'बीज'चा बियाण्याशी संबंध नाही. ती द्वितीया आहे. 'द्व'मधला द गेला आणि व चा ब झाला: द्वादश – बारा, द्वाविंशति – बावीस, द्वितीया – बीज. तुकारामबीज तीच.

सगळ्यांत मजेचा 'शिमगा'. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या देशीनाममाला या प्राकृत शब्दकोशात फाल्गुनोत्सवासाठी 'सुगिम्ह' असा शब्द दिला आहे. त्यामागे 'सुग्रीष्मक' म्हणजे उन्हाळ्याचा चांगला आरंभ. कोकणीत 'शिगमो' म्हणतात, तिथे ग आधी आणि म नंतर, मुळाप्रमाणे. मराठीने अक्षरांची अदलाबदल केली आणि शिमगा झाला. यात गावंढळपणा काही नाही. अरबी 'कुफ्ल'चं 'कुलूप' झालं तेही असंच, आणि कुलूप म्हणताना कुणी लाजत नाही.

नाताळ पोर्तुगीज, अर्थ 'जन्म'. पाद्री पोर्तुगीज, अर्थ 'बाप', आणि आपल्या 'पितृ'चा लांबचा नातलग.

विठ्ठल म्हणजे 'विटेवर उभा' आणि पांडुरंग म्हणजे 'पांढऱ्या रंगाचा'?

मूर्ती सावळी, नाव मात्र पांढरं, ही विसंगती सगळ्यांनाच खटकते. पंढरपूरचं जुनं नाव कन्नड धाटणीचं 'पंडरगे' असं कोरीव लेखांत मिळतं. 'पांडुरंग' हे त्याचंच संस्कृत वळणावर नेलेलं रूप, असं रा. गो. भांडारकरांपासून अनेकांनी मानलं आहे. गावावरून देवाचं नाव, आणि मग नावाला शोभणारा अर्थ.

'विठ्ठल'मध्ये विष्णूचं दक्षिणी रूप असल्याचं मत जास्त वजनदार आहे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचं आधीचं नाव 'बिट्टिदेव' होतं, आणि 'बिट्टि' हे विष्णूचंच कन्नड रूप मानलं जातं. 'विट + ठल' ही फोड मूर्ती पाहून सुचलेली आहे. भक्ताला ती गोड वाटते, पण 'ठल' म्हणजे उभा राहिलेला असं होण्याचा नियमित मार्ग दाखवता येत नाही.

नात्यांचे शब्द संस्कृत की देशी?

बहुतेक झिजलेले संस्कृत. मातृष्वसा – मावशी, श्वश्रू – सासू, स्नुषा – सून, देवर – दीर, भगिनी – बहीण, जामातृ – जावई. 'नवरा' हा 'नव वर', नवा वर. पन्नास वर्षांच्या संसारानंतरही तो नवाच. 'अण्णा' आणि 'अक्का' द्राविडी, कन्नडशी रोजचा घरोबा असल्याच्या खुणा. त्याच वाटेने स्वयंपाकघरात 'तूप' आलं आणि पानदानाशेजारी 'अडकित्ता'.

'लग्न' हा ज्योतिषातला शब्द. लग् म्हणजे चिकटणे. पूर्व क्षितिजाला त्या वेळी जी रास चिकटलेली असते ती लग्न. त्यावरून मुहूर्त, मुहूर्तावरून विवाह. पत्रिकेत 'लग्न कोणतं?' आणि बाहेर 'लग्न कधी?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पाटील, जोशी, राऊत ही आडनावं कशी तयार झाली?

हुद्द्यांवरून आणि कामांवरून. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' मिळतो, त्याचा पाटील. ज्योतिषी – जोशी, राजपुत्र – राऊत, नायक – नाईक. 'राऊळ' म्हणजे राजकुल आणि 'देऊळ' म्हणजे देवकुल. दोन्हींत 'कुल' म्हणजे घर. क गळून 'उल' उरलं आणि शेवटच्या ल चा ळ झाला. राऊळ पुढे देवाच्या घरालाही म्हणू लागले.

आडनाव एक म्हणून जात किंवा कूळ एक, असं मात्र समजू नये. हुद्दा अनेकांना मिळत असे.

'दलित' शब्दाचा मूळ अर्थ काय?

'दल्' म्हणजे फुटणे, दुभंगणे, भरडणे. जात्यावरचं दळण त्याचंच आणि दोन फाकांत फुटलेली डाळही. दलित म्हणजे भरडलेला. पण धातू इथे फक्त चित्र देतो, शब्दाला आजचा अर्थ चळवळीने दिला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती हे नाव अभिमानाने मिरवत. 'हरिजन'शी ताडून पाहा. संतसाहित्यात हरिजन म्हणजे हरीचा भक्त, मूळ अर्थात काहीच कमीपणा नाही. तरी ज्यांना उद्देशून गांधीजींनी तो रूढ केला त्यांच्यातल्या अनेकांनी तो नाकारला. व्युत्पत्तीने शब्द शुद्ध ठरवून तो दुसऱ्यावर लादता येत नाही.

मराठीतले फारसी-अरबी शब्द काढून टाकता येतील का?

प्रयत्न झाला आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार करवला गेला. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत. पुढे काय झालं सगळ्यांना ठाऊक आहे: मुख्य प्रधान कागदावर राहिला आणि पेशवा इतिहासात गेला. अमात्य-सचिव मात्र टिकले.

आज अर्ज, वकील, कायदा, मालक, जाहीर, हजार हे काढले तर कचेरीच बंद पडेल. शिवाय कित्येक शब्द जोडीने शिरले आहेत, एक पाय इथला आणि एक तिथला: कागदपत्र, धनदौलत, रीतिरिवाज, बाजारहाट, डावपेच. आणि काहींनी इथे येऊन अर्थच बदलला. 'राजीनामा' म्हणजे राजी असल्याचा कागद, संमतिपत्र. हिंदीत तो तडजोडीचा कागद. मराठीत नोकरी सोडायचा. हिंदीशी घोटाळा करणारे आणखी काही: संशोधन (तिकडे दुरुस्ती, इकडे नवा शोध), यातायात (तिकडे वाहतूक, इकडे दगदग), व्यस्त (तिकडे कामात गढलेला, इकडे उलट). सरकारी अनुवादात सगळ्यांत जास्त चुका याच शब्दांच्या होतात.

नुसत्या उच्चारावरून शब्दाचं मूळ कळतं का?

मराठीत थोडं कळतं. च आणि ज यांचे दोन उच्चार आहेत. 'चरण', 'जल' यांतला तालव्य (जीभ टाळूला लागते), 'चाक', 'जोर' यांतला दंत्य (जीभ दातांकडे जाते). अ, आ, उ, ओ या स्वरांपूर्वी तालव्य ऐकू आला की शब्द बहुधा तत्सम; दंत्य आला की तद्भव, देशी किंवा फारसी. 'जन' आणि 'जण' मोठ्याने म्हणून पाहा. दोन्ही एकाच संस्कृत शब्दाचे. 'जनता'मधला ज तालव्य, 'चार जण'मधला दंत्य, शिवाय न चा ण झालेला. इ, ई, ए यांच्यापूर्वी ही कसोटी चालत नाही, कारण तिथे ज सहसा तालव्यच असतो. आणि 'चार' हा अपवाद सांभाळावा: तद्भव असूनही त्याचा च तालव्य आहे, कारण मध्ये 'च्यारि' असं रूप होऊन गेलं.

'हरताळ फासणे' याचा संपाशी संबंध आहे का?

नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत. बंदचा हरताळ म्हणजे 'हट्ट' (बाजार) आणि 'ताल' (टाळे), बाजाराला टाळे. फासायचा हरताळ म्हणजे हरिताल, पिवळं खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्याची वाटलेली पूड त्या अक्षरांवर फासत. जुन्या पोथ्यांत मधेच पिवळा पट्टा दिसतो तो हाच. म्हणून 'निर्णयाला हरताळ फासला' म्हणजे तो पुसून टाकला.

गावाच्या नावाचं मूळ कसं शोधायचं?

आजच्या रूपावर डोकं चालवू नये. आधी जुनी रूपं सालासकट गोळा करावीत: ताम्रपट, शिलालेख, मोडी दफ्तर, प्रवाशांच्या नोंदी. मग सर्वांत जुन्या रूपापासून पुढे यावं. कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत 'श्रीस्थानक' आहे, म्हणून ठाणे. प्रतिष्ठान – पइट्ठाण – पैठण. करहाटक – कराड. शूर्पारक – सोपारा. बोरिवली, कांदिवली, डोंबिवली यांतला 'वली' म्हणजे पल्ली, वस्ती.

स्थळमाहात्म्य हा पुरावा वापरताना हात आखडावा. माहात्म्य लिहिणारा बोलीतलं नाव घेऊन त्याला शोभेल असा संस्कृत शब्द बनवतो, आणि वाचणाऱ्याला तो संस्कृत शब्दच मूळ वाटतो.

कोणता कोश कशासाठी उघडावा?

शब्द दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोणत्या अर्थाने चालत होता हे पाहायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७. वापराच्या दाखल्यांसाठी महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८). थेट व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश (१९४६), पण त्यातलं मत टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशाशी (१९६६) ताडून घ्यावं. शब्द कन्नड-तेलुगूकडचा वाटला तर बरो आणि एमेनो यांचा द्राविडी कोश. फारसीसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा कोश अजून उपयोगी पडतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे एकाच कोशातला कंस उतरवून घेणं. '[सं.]' एवढ्या खुणेने शब्द तत्सम की तद्भव हे कळत नाही. दुसरी चूक चिन्हांची. शब्दापुढे तारा (*) असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी नियमांवरून मांडलेलं आहे. ते उतरवताना तारा गाळला, की न सापडलेला शब्द सापडल्यासारखा दिसू लागतो. आणि 'सात < सत्त < सप्त' यातलं चिन्ह डावीकडून 'पासून आला' असं वाचायचं. ते उलटं छापलं गेलं तर मुलाचा बाप होतो.